स्टेंटरचं तेल

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या खोलीत आम्ही तिघं राहायचो, आप्पा, माय आणि मी, आणि चौथी आप्पांची मोटारसायकल. ही थट्टा नाही. गल्लीतून गाड्या चोरीला जात, म्हणून दिवस मावळला की आप्पा उंबऱ्यावर फळी टाकून गाडी आत घेत. मग अंथरुणं घालायला जी जागा उरे तिच्यात माझ्या वाटणीला गाडीलगतची पट्टी यायची. डोक्यावर हँडल, कानाशी गार होत जाणाऱ्या इंजिनाची टकटक आणि नाकात पेट्रोल. कूस बदलायची तर आधी पायाच्या अंगठ्यानं स्टँड चाचपायचा, मग वळायचं. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी लग्न होऊन खानदेशात गेल्या तेव्हा मला वाटलं होतं, आता अंग पसरायला मिळेल. पण त्यांच्या जागेवर ही आली. माय म्हणायची, दोन पोरी गेल्या आणि एक सवत आली.

त्या खोलीत मी दिवसभर असायची. दहावीनंतर शाळा संपली ती संपलीच. व्यापाऱ्याचा माणूस सकाळी साड्यांचा गठ्ठा टाकून जायचा, आणि माय नि मी दारातल्या उजेडात बसून छापील फुलांच्या मधोमध गोंदानं खडे चिकटवायचो. बाहेर मिलचा भोंगा, बाजूला कुणाचा तरी रेडिओ, नाल्यातून आज हिरवं तर उद्या जांभळं वाहणारं गरम पाणी. संध्याकाळी आप्पा येण्याच्या सुमाराला माय ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापायला बसली की त्या थापण्याच्या आवाजावरून मला कळायचं, दिवस गेला. असे दिवस एकामागून एक जात आणि मी जिथल्या तिथे. कधीकधी एखाद्या साडीवर करडा, चकचकीत डाग यायचा. मिलमध्ये ओलं कापड ताणून, गरम हवेत वाळवून काढणारं जे लांबलचक यंत्र असतं त्याला स्टेंटर म्हणतात. त्याच्या साखळीचं तेल ठिबकलं की तसा डाग पडतो. त्या डागावर कितीही गोंद लावा, खडा बसत नसे. वाळला असं वाटायचं आणि साडी झटकली की टपकन गळून पडायचा. अशा साड्या आम्ही बाजूला काढायचो. माय त्यांना नाठाळ म्हणायची.

आप्पा त्याच स्टेंटरवर होते. घरात ते फार बोलायचे नाहीत, पण स्टेंटरचा विषय निघाला की त्यांची कळी खुले. त्या भट्टीत माणसाचा हात गेला तर काय होईल हे ते जितक्या भक्तीनं सांगत, तितक्या भक्तीनं कीर्तनकारही नरकाचं वर्णन करत नसेल. दसऱ्याला मिलमध्ये यंत्रांची पूजा झाली की सुपरवायझर जुन्या माणसांना काही ना काही द्यायचा. त्या वर्षी त्यानं आप्पांना साखळीच्या तेलाचा उरलेला डबा दिला. आप्पांनी तो घरी आणला तो दोन्ही हातांनी धरून, प्रसादासारखा. अंगणात गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, इंजिनातलं जुनं तेल सोडून दिलं आणि हे नवं भरलं. "स्टेंटरनी साखयी लाल व्हवानी येस, पन हाई तेल जयत नही," ते मायला म्हणाले. "आख्खा सुरतमां असं तेल भेटाव नही." लोक दसऱ्याला गाडीपुढे नारळ फोडतात. आप्पांनी गाडीला घासच भरवला. मायनं पुरणाचे मांडे केले होते. पहिला मांडा देवाला, दुसरा गाडीला, तिसरा आप्पांना.

आता त्या गाडीचं आणि माझं एकत्र काय ठरलं होतं ते सांगते. आप्पांची एकुलती बहीण, आमची फुई, शिंदखेड्याकडे शेतावर राहायची. तिचा मुलगा दिलीप. मी पाळण्यात असल्यापासून मी त्याची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्यात मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो, त्यात विचारण्यासारखं काही नसतं. पुढे गाडी आली तेव्हा आप्पांनी बहिणीला भर पंगतीत शब्द दिला की पोर येईल ती या गाडीसकट येईल. फुईनं मागितलं नव्हतं. हुंडा हा शब्द आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नाही. पण दिलेला शब्द मागितलेल्यापेक्षा जड होतो, तो परत घेता येत नाही. दिवाळीनंतर फुई आणि दिलीप येणार, सुपारी फुटणार आणि जाताना दिलीप गाडी चालवत नेणार, असं ठरलं. मी नंतर, तुळशीचं लग्न लागलं की.

मला दिलीप नको होता. पण का नको, हे मला सांगता येत नव्हतं आणि खरी कोंडी तीच होती. तो दारू पीत असता, तंबाखू थुंकत असता, निदान तिरळा असता तरी काहीतरी बोलता आलं असतं. पण तो भला होता. मायला पाण्याचा हंडा उचलू लागायचा. माझ्याकडे बघायचा तेही आधी परवानगी घेतल्यासारखं. मला फक्त या खोलीतून उठून त्याच्या घरातल्या खोलीत जाऊन बसायचं नव्हतं. तेव्हा आमच्यात 'नको' म्हणायला मुलात खोट लागायची. मुलीला नको आहे, ही काही खोट नव्हे. हल्ली माझी नात स्कूटीवर बसून कॉलेजला जाते, लग्नाचा विषय काढला की "आजी, जस्ट नको" म्हणते आणि निघून जाते. तिच्या गाडीला क्लचच नाही. मला तिचा हेवा वाटतो, आणि तो वाटतो हे मी तिला सांगितलेलं आहे.

फुई आणि दिलीप आले. दुसऱ्याच दिवशी सकाळी दिलीप गाडी घेऊन फेरी मारायला गेला आणि उन्हं डोक्यावर आल्यावर घामाघूम होऊन, गाडी ढकलत परत आला. रेल्वेच्या पुलावर अर्ध्या चढात गाडीनं हाय खाल्ली होती. इंजिन ओरडतं, पण चाक ओढत नाही. आप्पांना आधी खरंच वाटेना. दिवाळीच्या आसपास त्यांनाही चढावर जरा तसं जाणवलं होतं, पण ते म्हणत, गाडी आळसावली आहे. फुईनं पदरानं लेकाचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाऊ, तुन्ही गाडी रेस ते लेस, पन चालस नही. मन्हा पोऱ्या ढकलीसन थकी गया." हसतच म्हणाली. पण आप्पांचं तोंड उतरलं. त्यांनी तिथेच बसून क्लचची वायर तपासली. ती फार ताणलेली असेल तर क्लच पुरता दाबून बसत नाही, एवढं त्यांना कळत होतं. वायर ठीक होती. तरी थोडी सैल केली. फरक पडला नाही.

मग हसमुखभाई आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज होतं. आप्पांवर त्यांचा जीव होता, म्हणून हत्यारं घेऊन ते घरीच आले. तेल सोडलं, किकची दांडी काढली, उजव्या बाजूचं झाकण उघडलं आणि आतून क्लचच्या प्लेटा एकेक काढून आमच्याच ताटात मांडल्या. एक कॉर्कची, एक लोखंडी, अशा आलटून पालटून. मी साडी मांडीवर घेऊन बघत होते. इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचतो तो या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात म्हणून, आणि त्यांनी धरणं सोडलं की इंजिन एकटंच फिरतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्या प्लेटांवर करडी झाक होती. हसमुखभाई म्हणाले, "प्लेट खलास थई गई छे, पाटीलभाई," आणि नव्या बसवल्या. ते तेल भरायला लागले तर आप्पांनी त्यांचा हात धरला. नवं तेल कशाला, घरात आहे की. डब्यातलं उरलेलं तेल त्यांनी स्वतःच्या हातानं ओतलं, डबा निथळेपर्यंत.

गाडी फार तर दोन दिवस नीट चालली आणि पुन्हा तेच. या खेपेला पुलावर आप्पा स्वतः होते आणि मागे फुई बसली होती. तिला उतरून चढ चालावा लागला. संध्याकाळी ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, सुट्टीच्या दिवशी सुपारी फोडायची आहे, तोवर गाडी नीट होते का ते बघ, नाहीतर गावात लोक विचारतील की मामानं भाच्याला काय दिलं, तर भंगार. आप्पांनी ताट बाजूला सारलं. ते उठले आणि गाडीजवळ जाऊन बसले. डबा पुन्हा उलटा करून त्यांनी तळाचे चार थेंब इंजिनात सोडले. आजारी लेकराला औषधाची बाटली झटकून पाजावी तसे. त्यातला एक थेंब माझ्या मांडीवरच्या साडीवर पडला. मी पुसला. नाही निघाला. सवयीनं त्यावर गोंद लावला, खडा दाबला आणि पुढच्या फुलाकडे गेले. साडी घडी करायला झटकली तर सगळे खडे जागच्या जागी आणि तेवढा एक गळाला.

तो मी उचलला नाही. बघत राहिले. ताटातल्या प्लेटांवरची झाक आणि या डागाची झाक एकच होती. वर्षभर मी त्या तेलाला नाठाळ म्हणून बाजूला काढत होते. ते कशाला काही धरू देत नाही, हे माझ्या बोटांना माहीत होतं. आणि आप्पांनी तेच इंजिनात भरलं होतं, जिथे सगळा खेळ धरून ठेवण्याचा. दसऱ्यापासून बिघडली, नव्या प्लेटा टाकूनही बिघडली, सगळं जुळलं. मला हसू आलं आणि लगेच मावळलं. कारण ही गोष्ट घरात मला एकटीला माहीत होती. बोलले तर गाडी सुधरेल, गाडी सुधरली तर सुपारी फुटेल. नाही बोलले तर माझा बाप सख्ख्या बहिणीच्या तोंडून लबाड ठरेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी त्या गाडीशेजारी पडून राहिले आणि मनाशी म्हणत होते, कुणीतरी दुसऱ्यानं शोधून काढू दे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर फुई आणि दिलीप भेस्तानला तिच्या दिराकडे गेले, माय पाण्याला. आप्पांची रात्रपाळी होती, ते गाडीजवळ पाना हातात घेऊन नुसते बसले होते. त्यांच्या खांद्याची हाडं बनियनमधून दिसत होती. मला ते बघवेना. मी म्हटलं, "आप्पा, ते तेल काढी टाका." ते म्हणाले, तेलाचं काय, तेल चांगलं आहे. मग मी वाद घातला नाही. चिंधी घेतली, डब्याच्या तोंडाला फिरवली, तिच्यावर एक खडा चिकटवला, दुसरा कोऱ्या जागी. पंख्याखाली वाळवली आणि त्यांच्या समोर झटकली. एक राहिला, एक पडला. आप्पा पुष्कळ वेळ त्या चिंधीकडे बघत होते. स्टेंटरवर त्यांची हयात गेली होती. समजायला त्यांना शब्द लागले नाहीत.

"तुले कधळ कयनं?" त्यांनी विचारलं.

"काल."

"मंग काल काबरं नही सांगं?"

मी खोटं बोलू शकले असते. पण दिलीपबद्दल इतके दिवस गप्प राहून मी इतकी थकले होते की खरं तेच तोंडातून निघालं. "गाडी सुधरनी म्हंजे सुपारी फुटी जाई."

त्यांनी पाना खाली ठेवला. "तुले दिलीप नको?"

"नको."

"काय खोट शे त्यान्हामां?"

"काहीच नही, आप्पा."

ते पुढं काही विचारतील म्हणून मी वाट पाहिली.  उठून त्यांनी घमेलं आणलं, गाडीखाली सरकवलं आणि मला म्हणाले, "तो सतरा नंबरना पाना दे."

मग आम्ही दोघांनी ती गाडी उघडली. तेल बाहेर पडलं ते करडं, दाट, आणि आप्पा ते पडताना असे बघत होते की मला वाटलं, नको होतं बाई सांगायला. झाकणाचे बोल्ट त्यांनी ढिले केले, मी काढून वाटीत ठेवले. स्प्रिंगा एकसारख्या उंचीच्या आहेत का ते जमिनीवर उभ्या करून पाहिलं. प्लेटा मी एकेक रॉकेलमध्ये बुडवून घासल्या, पुसल्या, पुन्हा बुडवल्या. लोखंडी प्लेटांवर पॉलिशपेपर फिरवला. आप्पा मधूनच एखादी प्लेट माझ्या हातातून घेत, अंगठा घासून बघत आणि परत देत. बोलणं एवढंच, दे आणि घे. मग गॅरेजातून आणलेलं साधं तेल भरलं, गाडी थोडी चालू ठेवली, ते सगळं सोडून दिलं आणि पुन्हा नवं भरलं, म्हणजे आतला कोनाकोपरा धुऊन निघेल. माझे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. खरं सांगते, त्या खोलीत मी केलेलं ते पहिलं काम होतं जे करताना मला वेळ कळला नाही. आणि प्रत्येक बोल्ट घट्ट होत होता तशी मी गावाकडे एकेक कोस सरकत होते.

चाळ पाळीवर गेलेली होती, रस्ता मोकळा होता. आप्पांनी मला मागे बसवलं आणि गाडी थेट पुलावर घेतली. अर्ध्या चढात, जिथं दिलीप अडकला होता तिथं, त्यांनी मुद्दाम वेग कमी केला आणि मग वरच्या गिअरमध्येच मूठ पिळली. गाडीनं आम्हा दोघांना उचलून वर नेलं. सुरेख चढली. वर थांबून आप्पांनी इंजिनावर हात ठेवला, गरम होतं तरी ठेवला. खाली रूळ, मिलची धुराडी, त्यापलीकडे उन्हात पसरलेलं सगळं सुरत. मी रडत होते ते त्यांना दिसलं असेल. "चांगली व्हई गयी," एवढंच ते म्हणाले. परत येताना गल्लीच्या आधीच त्यांनी गाडी बंद केली, उतरले आणि ढकलत घरापर्यंत आणली. मला वाटलं, पेट्रोल संपलं.

सुट्टीच्या दिवशी खोलीत सतरंजी अंथरली. फुईचा दीर भेस्तानहून आला. ताटात सुपारी, नारळ, हळदकुंकू. मी चुलीशी बसले होते, मायनं मला तिची हिरवी साडी नेसवली होती. फुई म्हणाली, आधी गाडी चालू करून दाखव, म्हणजे मनाला बरं. आप्पा जागेवरून उठले नाहीत. ज्या माणसानं उभ्या जन्मात यंत्राबद्दल एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, तो मान खाली घालून म्हणाला, "नही सुधरनी ताई. क्लच गया. मन्हा हातनी बात राहयनी नही." मायनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली पळी तशीच राहिली. आप्पा पुढं म्हणाले, खराब गाडी भाच्याला देणं जिवाला पटत नाही आणि शब्द मोडून बिनगाडीची पोर धाडणंही पटत नाही.

तेव्हा दिलीप बोलला. कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं. "मामा, गाडी नको माले. फोडा सुपारी." इतक्या सरळपणे म्हणाला की मी हातातली पळी खाली ठेवली. भलेपणानं माणूस कसा कोंडला जातो ते मी त्या क्षणी पाहिलं. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरले. "तू चांगला पोऱ्या शे," ते म्हणाले. "पन नही." बस, नही. दिलीपनं मान वळवून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग खालीच बघत राहिला. फुई मात्र उभी राहिली. "सख्खी बहीनले फसाडाले तुले मन्हंच घर भेटनं का?" ती म्हणाली, आणि आणखी पुष्कळ म्हणाली, आईबापांना मधे आणून म्हणाली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. पुरणाला हात न लावता ते लोक निघाले. फुई त्यानंतर बरीच वर्षं आमच्या उंबऱ्याला आली नाही आणि राखी पोस्टानंसुद्धा आली नाही.

लोक विचारतात, मग पुढे छान झालं ना? झालं. पुढच्या वर्षी मी इच्छापोरला कापड तपासण्याच्या कामाला लागले, तेही आप्पांनीच बघून दिलं. पण तो हिवाळा मी विसरणार नाही. फुईचा दीर आप्पांच्याच मिलमध्ये होता. गाडी बिघडलेली आहे असं त्याच्यादेखत सांगितल्यावर आप्पांना तिच्यावर बसायची सोय उरली नाही. अख्ख्या पांडेसऱ्यात तिच्यासारखी ओढणारी गाडी नव्हती, आणि ती खोलीत उभी ठेवून आप्पा पायी मिलला जाऊ लागले. मी सुटले आणि आप्पा अडकले. मी एकदा म्हटलंही, आता न्या की, कोण बघतंय. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

हसमुखभाईंना मात्र चैन पडेना. आपण बसवलेल्या प्लेटांवर ठपका आला, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. एक दिवस सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन ते दारात उभे राहिले. म्हणाले, एकदा पुन्हा उघडू द्या, पाटीलभाई, काहीतरी बारीक असेल, मी शोधून काढतो. आप्पा जेवणाचा डबा घेऊन निघतच होते. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती, ते दर वेळी नव्यानं बोलावं लागायचं. त्यांनी हसमुखभाईंचा हात हातात घेतला. "रहेवा दो, हसमुखभाई," ते त्यांच्याच भाषेत म्हणाले. "तमारी कोई भूल नथी. हवे एनी उंमर थई गई." चूक आपली नाही, गाडीचंच वय झालं, एवढं ऐकून हसमुखभाई पिशवी घेऊन मागे वळले. मी दाराआड साडी तोंडाशी धरून रडले, आवाज होऊ न देता. आप्पांनी चपला घातल्या, डबा काखेत मारला आणि चालत मिलच्या रस्त्याला लागले.